पुठ्ठ्याची घडी

मधुकरकाका,

आधी नीट बसा. पंख्याचा वारा मानेवर येत असेल तर जरा सरकून बसा. चहा झाला नसेल तर घ्या, मी थांबते. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती शकूकाकूंबद्दल आहे. दोन वर्षं तुम्ही जी गोष्ट त्यांना "सांगणार, सांगणार" म्हणत ठेवून दिलीत आणि शेवटी न सांगताच गेलात, ती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याचं पुढे काय झालं हे ऐकायला तुमचे कान केवढे टवकारले असतील, ते मला इथून दिसतंय. पण लगेच सांगणार नाही. बारा वर्षं ज्या पद्धतीने तुम्ही मला छळलंत, त्याच पद्धतीने आज तुम्हाला ऐकावं लागेल.

तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. रडून झालंय, काळजी करू नका. गंमत म्हणजे तुमची आठवण काढायला बसलं की आधी हसूच येतं.

आपली पहिली ओळख तुम्ही पुढे प्रत्येक नव्या माणसाला रंगवून सांगितलीत, त्यामुळे ती विसरायची सोयच राहिली नाही. चाकणच्या आपल्या कंपनीत गाड्यांच्या दारांची कुलपं जोडायची. तुम्ही लाइनचे लीडर, आणि मी क्वालिटीत नुकतीच लागलेली, डोक्यात वारं भरलेली इंजिनीअर. प्रत्येक कुलपात बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग बसवायची असते. ती राहिली तर दार नीट लागत नाही आणि चालत्या गाडीत उघडूही शकतं. म्हणून ठरलं की प्रत्येक टेबलावर एक पिवळी दोरी लटकवायची. जरा शंका आली की ज्याने त्याने दोरी ओढायची आणि लाइन थांबवायची, कुणाला विचारत बसायचं नाही. हे चाळीस जणांच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन दिवस खपून बावीस स्लाइड केल्या. आणि मीटिंगची वेळ ठेवली दुपारी तीन वीसची.

शिफ्ट साडेतीनला सुटते आणि बस तीन चाळीसला हलते, हे मला माहीत होतं. पण त्या दहा मिनिटांत हात धुवायचे असतात, पंच करायचं असतं, फाटकावर बॅग उघडून दाखवायची असते आणि मुख्य म्हणजे खिडकीची जागा धरायची असते, हे मला कोण सांगणार? मी वेगळ्या बसने जात होते. बावीस स्लाइड संपल्या, मी विचारलं, "काही शंका?" सगळे एका सुरात म्हणाले, "न्हाई मॅडम." कुणी मान हलवली, कुणी तर टाळ्या वाजवल्या. मी खूश. पुढचे अकरा दिवस त्या पिवळ्या दोऱ्यांना कुणी बोटही लावलं नाही.

बाराव्या दिवशी मी तुमच्यासमोर तणतणले. "काका, या लोकांना ऐकायचंच नसतं." तुम्ही शांतपणे चहाचा पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "मॅडम, तुमचं बोलणं एक नंबर हुतं. पण तवा समद्यांच्या डोळ्यांपुढं बसची खिडकी हुती. आणि माणूस डुगडुगत्या स्टुलावर बसलाय ना, तर त्याला काय बी ऐकू येत न्हाई बघा. त्याचा जीव समदा बुडाखाली असतो."

मला वाटलं, ही म्हण आहे. ती म्हण नव्हती. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही खरोखरच स्टुलं नीट करायला लागलात.

तीन आठवडे! वरच्या खिशात स्टुलाच्या पायाखाली सरकवायला पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या, आणि चहाच्या सुट्टीत तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या पायाशी उकिडवे. प्रत्येकाला एवढंच विचारायचात, "बसायला बरं हाय का?" आणि मग उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहायचात. स्टुलाचं झालं की माणसं हळूहळू पुढचं बोलायची. लाइनवरच्या सुरेखाच्या मानेवर पंख्याची गरम हवा यायची, तो तुम्ही फिरवून घेतलात. एकाच्या डोळ्यात ट्यूबलाइट जायची. एकीने सांगितलं की शंका आली तरी दोरी ओढायची भीती वाटते, कारण साहेब ओरडतात आणि सगळी लाइन आपल्याकडे बघते. जे मला बावीस स्लाइडमध्ये कळलं नाही ते तुम्हाला जमिनीवर बसून कळलं. मी मात्र तेव्हा लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस काम टाळतोय.

मग एका सकाळी ऐन कामात लाइन थांबली. दिवा लागला, ती बारीकशी धून वाजली, आणि सगळ्यांच्या माना वळल्या. दोरी तुम्हीच ओढली होती. त्या दिवशी एक जण रजेवर होता म्हणून त्याच्या जागी तुम्ही बसला होतात. साहेब धावत आले. तुम्ही उभे राहिलात, हात मागे बांधलेत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "साहेब, माझ्याच हातनं स्प्रिंग राहिली. गाडीत जायच्या आधी घावली." साहेबांनी तोंड उघडलं, तुमच्याकडे बघितलं, लाइनीकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं झालं सापडली. चला, सुरू करा." बस्स, एवढंच. मला नंतर कळलं की आदल्या आठवड्यात तुम्ही साहेबांच्या केबिनमधल्या करकरणाऱ्या खुर्चीलाही तेल घालून आला होतात आणि तेव्हाच त्यांना म्हणाला होतात, पहिली दोरी ओढणाऱ्याला तुम्ही काय बोलता त्यावर बाकीचं समदं हाय.

दुसऱ्या दिवशी चार दोऱ्या ओढल्या गेल्या. त्यातली एक सुरेखाची होती आणि ती इतकी हरखली होती, जणू दहावीचा निकालच लागलाय.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते काही संपलं नाही. माझं म्हणणं, खरी गोष्ट असेल तर सरळ तोंडावर सांगावी. आधी तेल घाल, पुठ्ठे लाव, हे म्हणजे माणसाला गुंडाळणं झालं. तुम्ही म्हणायचात, "गुंडाळणं म्हंजी त्याला नको ते त्याच्या गळ्यात मारणं. मी निस्तं स्टूल नीट करतोय. बसायचं का उठून जायचं ते त्यानंच ठरवायचं." मी म्हणायचे, मग ती स्प्रिंग खरंच राहिली होती की मुद्दाम ठेवली होती? यावर तुम्ही नुसते हसायचात. दर चार-सहा महिन्यांनी मी विचारायचे, तुम्ही हसायचात. तुमच्या निरोप समारंभात विचारलं, हसलात. मला खोटं चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं आणि उत्तर न देता मला जळत ठेवण्यात तुम्हाला मजा यायची, हे मलाही ठाऊक होतं.

तो निरोप समारंभ! भेटवस्तू द्यायची वेळ आली तेव्हा लाइनवरचा एकेक जण उठला आणि खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून तुमच्यासमोर ठेवत गेला. प्रत्येक घडीवर ज्याचं त्याचं नाव. तुम्ही भाषणाला उभे राहिलात आणि "मंडळी" म्हणून जे थांबलात ते थांबलातच. चाळीस माणसं कान देऊन तयार होती आणि तुमच्याच तोंडून शब्द फुटेना. तुम्हाला बोलताना अडकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आणि माझ्या लग्नाचा अल्बम. स्टेजवरच्या फोटोत मी आहे, नवरा आहे, आणि खाली भेटवस्तूंच्या टेबलाशी एक वाकलेली पाठ आहे. सासूबाईंनी विचारलं, "हे कोण गं?" मी म्हटलं, "हे आमच्या कंपनीतले काका. टेबल हलत असेल." एव्हाना माझ्याही पर्समध्ये एक घडी कायम असायची, पण हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुमचं फार बरोबर आहे असं तुम्हाला वाटायला नको होतं.

निवृत्त झाल्यावर तुम्ही संत तुकाराम नगरच्या घरी, मुलगा नोकरीला हैदराबादला, घरात तुम्ही दोघंच. मी महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. तेव्हा एकदा तुम्ही मला गॅलरीत ओढलंत आणि चोरट्या आवाजात तुमचा बेत सांगितलात. काकूंची शाळा नववीत सुटली, लग्न झालं म्हणून. त्यांना दहावीला बसवायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देता येते, ही माहितीही तुम्ही काढून ठेवली होती. मी म्हटलं, "मग सांगा की आत जाऊन." तुम्ही दचकून दार लोटलंत. "येडं का खुळं! असं एकदम सांगत्यात व्हय? न्हाई म्हणंल ती. तयारी चालू हाय."

तयारी म्हणजे काय, तर सकाळी पेपर आला की तुमचा चष्मा हरवायचा. मग काकूंनी पेपर मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही ऐकायचा. आधी श्रद्धांजलीच्या जाहिराती. मग तुम्हाला चिडवायला म्हणून राशिभविष्य. मग गावोगावच्या बातम्या. वर्षभराने तुम्ही मला अभिमानाने सांगितलंत, "मॅडम, आता पाण्याच्या प्रश्नावर वाचून वर सोताचं मत देती!" मी म्हटलं, "झाली की तयारी. सांगा आता." तुम्ही म्हणालात, "अग्रलेख राहिलाय. ज्या दिवशी ती आपणहून अग्रलेख वाचंल, त्या दिवशी सांगणार." मी चिडून म्हणाले होते, "काका, स्टूल नीट करता करता कंपनी सुटेल." हे वाक्य आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

तुम्ही अचानक गेलात. विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुलाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. पुढे गेले तर तुमचा फोटो ठेवलेलं टेबल डुगडुगत होतं. फुलं वाहायला कुणी पुढे आलं की फोटोत तुमची मान हलायची. मी काही विचार केला नाही, पर्स उघडली आणि खाली वाकले. मागून सुरेखाचा आवाज आला, "मॅडम, त्यो न्हाई, पलीकडचा पाय!" आणि सगळं विहार हसलं. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसलेल्या काकूही तोंडाला पदर लावून हसल्या. मी उठून उभी राहिले तेव्हा इतकं शांत झालं होतं की काहीही बोलले असते तरी लोकांनी ऐकलं असतं. मी "जय भीम" म्हटलं आणि दोरीची गोष्ट सांगितली.

पण खरं सांगायचं ते पुढेच होतं. फॉर्म भरायला मोजके दिवस उरले होते, शुक्रवार शेवटचा. तुमचा बेत फक्त मला माहीत होता. नवरा जाऊन दोन आठवडे झालेल्या बाईला जाऊन "दहावीला बसा" असं सांगायचं? माझ्या पद्धतीने तोंडावर सांगितलं तर त्या दुखावतील. तुमच्या पद्धतीने गेले तर शुक्रवार निघून जाईल, आणि तुमची दोन वर्षांची मेहनत आणखी वर्षभर पडून राहील. त्या वर्षभरात काकू पेपर तरी कुणाला वाचून दाखवणार होत्या?

मी रविवारी गेले. काका, मी सगळं केलं. खुर्ची हलते का बघितलं. चहा होऊ दिला. गुडघ्याचं विचारलं, हैदराबादचं विचारलं, गॅलरीतल्या कुंड्यांचंही विचारलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, तू ह्यांच्यासारखं काय करतीस? खुर्चीचे पाय काय बघतीस? काय सांगायचंय ते बोल की."

मग मी बोलले. एका दमात. तुमचा बेत, गॅलरी, चष्मा, अग्रलेख, शुक्रवार, सगळं.

काकू उठल्या, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत शाळा सोडल्याचा दाखला. गेल्या दिवाळीत भावाला गावच्या शाळेत पाठवून आणवलेला. दोन फोटो. आधार कार्डाची झेरॉक्स. आणि एका कागदावर फॉर्मला काय काय लागतं त्याची यादी, काकूंच्या गोल गोल अक्षरात.

"मलाच बसायचं हुतं," काकू म्हणाल्या. "पर ह्यांना कसं सांगायचं? नवीन काय बी एकदम सांगितलं की आधी न्हाई म्हणायचे. मिक्सर आणायचा तर न्हाई, मोबाईल घ्यायचा तर न्हाई. चाळीस वर्सं बघतीय. म्हणून म्हटलं, रोज मोठ्यानं पेपर वाचावा. ऐकून ऐकून ह्यांच्या कानाला सवय झाली की मग हळूच सांगावं."

मी विचारलं, "आणि चष्मा?"

"चष्मा खिशातच असायचा की! पुठ्ठ्यांच्या मागं. मला काय दिसत न्हवता व्हय? म्हटलं, असू दे. ऐकत्यात तर ऐकू दे."

मी हसायला लागले, काका, आणि थांबता येईना. काकूही हसायला लागल्या आणि मग रडायला लागल्या आणि मग मीही. दोन वर्षं, रोज सकाळी, एकाच टेबलाशी बसून तुम्ही दोघं एकमेकांचं स्टूल नीट करत होतात. सांगायची गोष्ट दोघांचीही एकच होती.

डोळे पुसून काकू म्हणाल्या, "आणि त्यो पुठ्ठा बी ह्यांचा न्हाई बरं का. लगीन झालं तवा एका खोलीत लोखंडी खाट हुती. लई डुगडुगायची. मी एकदा तिला पुठ्ठा लावला, ह्यांना निवांत बसवलं आणि मग सांगितलं की आपण गावाकडं न्हाई जायचं, हितंच ऱ्हायचं. तवा ऐकलं. त्योच पुठ्ठा कंपनीत नेला आणि सोताचा म्हणून मिरवला."

सगळा मान तुम्हाला मिळाला आणि बाई घरात बसून गालात हसत होती! मग मी धीर करून तो बारा वर्षांचा प्रश्नही विचारला. स्प्रिंग खरंच राहिली होती का? काकू म्हणाल्या, "खरंच राहिली हुती. दोन दिवस घास उतरला न्हाई त्यांच्या गळ्याखाली. म्हणायचे, मी समद्यांची स्टुलं बघत बसलो आणि माझंच ध्यान सुटलं."

मला माफ करा, काका. मला वाटायचं तुम्ही नाटक केलंत. तुम्ही खरं बोललात, चाळीस जणांसमोर, मागे हात बांधून. आणि मी इतकी वर्षं सरळ बोलण्याच्या बढाया तुमच्यासमोर मारत राहिले. तुम्ही हसायचात ते लाज वाटायची म्हणून, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एका बाबतीत मी माझं म्हणणं सोडणार नाही. त्या दोन वर्षांत एखाद्या सकाळी तुम्ही बोलून टाकायला हवं होतंत. काकू तयार होत्या. फार आधीपासून तयार होत्या. फॉर्म भरायला तुम्ही दोघांनी मिळून जायला हवं होतं. एवढं भांडण मी तुमच्याशी कायम भांडणार.

गुरुवारी काकू आणि मी जाऊन फॉर्म भरून आलो. खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "परीक्षा कुणाला द्यायचीय?" काकूंनी ना गळा साफ केला, ना इकडेतिकडे बघितलं. म्हणाल्या, "मला." त्या माणसाने वर बघितलं आणि बसायला खुर्ची दिली.

सध्या गणित जड जातंय. मराठीत मात्र काकू मलाच शिकवतात. आणि हो, सकाळचा पेपर अजून मोठ्याने वाचतात, तुमच्या फोटोसमोर. गेल्या सोमवारी त्यांनी आपणहून अग्रलेख वाचला, अख्खा, आणि शेवटी म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला काय कळत न्हाई."

हे लिहून झालं की हा कागद मी काकूंकडे नेऊन देणार आहे. उद्या सकाळी पेपरच्या आधी त्या हाच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत. तुमची खुर्ची फोटोच्या शेजारी ठेवलीय आणि तिच्या पायाखाली सुरेखाच्या नावाची घडी लावलीय. हलत नाही, मी बघितलंय. तेव्हा चष्मा शोधायचं नाटक करू नका, काका. तो तुमच्या खिशातच आहे, पुठ्ठ्यांच्या मागे. नुसतं ऐका.

तुमची,
वैशाली मॅडम